दोन गोलांचा फरक

१

रविवारी सकाळी सव्वानऊला माझ्या खात्यात तीनशे बारा रुपये होते. असायला हवे होते अठरा हजार तीनशे बारा.

ते अठरा हजार माझे नव्हते. आमच्या इमारतीतल्या सहा बिऱ्हाडांनी बोअरची मोटार बदलायला प्रत्येकी तीन हजार काढले होते, आणि मी बी.कॉम. झालेली, शिवाय तान्ह्या मुलीमुळे दिवसभर घरातच, म्हणून ते माझ्या खात्यात ठेवले होते. ठेवले होते प्रदीप सरांनी. सर तळमजल्यावर राहतात, शाळेत पीटी घेतात, पोरांना फुटबॉल शिकवतात आणि इमारतीचं सगळं बघतात. तेच आता दारात उभे होते, मोटारवाल्याचा नंबर घेऊन.

"ताई, पाठवताय ना? तो दुकान उघडून बसलाय."

मी स्क्रीन खाली ओढून पुन्हा पाहिली. तीनशे बाराच. मग व्यवहारांची यादी उघडली. शनिवारी सकाळी दहा बावन्नला आठ हजार गेले होते, अकरा अकराला दहा हजार. दोन्हीकडे एकच नाव: कौल.

"कौल म्हंजे?" सासूबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आल्या. "देवाला लावत्यात त्यो?"

"नाही मावशी," सर हळू आवाजात म्हणाले. "ॲप असतं. पैसे लावायचं."

माझ्या कडेवर दहा महिन्यांची गौरा होती, तिने माझं मंगळसूत्र तोंडात घातलं होतं. मला ते काढायचंही सुचेना. उद्या, सोमवारी दहा वाजता मी सरांच्या मेहुण्यांकडे, सीएंच्या ऑफिसात कामाला लागणार होते. लग्नानंतरची पहिली नोकरी. शब्द सरांनीच टाकला होता. आता ते माझ्याकडे बघत नव्हते, चपलांच्या स्टँडकडे बघत होते.

"पाचला गच्चीवर मीटिंग आहेच," ते म्हणाले. "तोवर काय ते बघा ताई. मेहुण्यांना मी... संध्याकाळनंतरच फोन करतो."

२

दार लागलं आणि घर माझ्यावर मिटलं.

"दिवसभर बोटं चालत असत्यात की त्या फोनवर," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं नाव मल्लव्वा, माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. राग आला की अर्धं कानडीत बोलतात, पण हे त्या मला कळावं म्हणून मराठीत म्हणाल्या. "मी म्हटलं, पोरीचे फोटू काढती."

"आई, वहिनी कशाला लावतील?" शिवू, माझा दीर, दाढीचा साबण गालावर तसाच घेऊन बाहेर आला होता. वय सव्वीस, नोकरी नाही.

"तू गप. आयपीएल सुरू झालं की घरात हे असंच. तूच शिकवलं असशील तिला!"

शिवूचा चेहरा साबणाखाली पांढरा पडला. हे खरं होतं की तो असल्या ॲपवर खेळायचा. गेल्या वर्षी त्याने गाडीचा हप्ता घालवला होता.

संगमेश, माझा नवरा, खुर्चीत बसून होता. तो पतसंस्थेत वसुलीला आहे. माणसांना समजावण्यात त्याचा हातखंडा. त्याने गौराला माझ्याकडून घेतलं.

"आई, झालं ते झालं. सुकन्या, हे बघ, तू संध्याकाळी सरळ सांग, जाहिरात आली, चुकून दाबलं गेलं. एक गोल इकडचा तिकडं झाला म्हणून कुणी फाशी देत नाही. पैसे मी दोन महिन्यांत भरतो."

"अहो, पण मी दाबलंच नाही."

"मग कुणी दाबलं? फोन तुझा, खातं तुझं."

"पिन सगळ्यांना माहिती आहे."

ते खरंच होतं. पिन म्हणजे गौराची जन्मतारीख. बारशाला पेढे खाल्लेल्या प्रत्येक माणसाला ती पाठ होती.

"मी भांडत नाही तुझ्याशी," तो म्हणाला. "कबूल केलंस की विषय संपतो. नोकरीचं काय, पुढं बघू. तसंही गौरा लहान आहे."

तो इतकं गोड बोलत होता की मला वाटलं, म्हणूनच टाकावं हो. दाराला कडी नव्हती तरी मला त्या घरातून बाहेर पडायला एकच वाट दिसत होती, आणि ती त्या 'हो'मधून जात होती.

गौरा रडायला लागली. मी तिची वही उघडली. ती वजनाला कमी भरते म्हणून डॉक्टरांनी तिच्या दुधाच्या नि झोपेच्या वेळा लिहायला सांगितल्यात. मी जरा जास्तच लिहिते: कशाने दचकली, कोण आलं, किती वेळ रडली. शनिवारचं पान समोर आलं.

'१०:३० पाणी आलं. १०:४० झोपली. ११:०८ गच्चीची टाकी भरून वाहतेय, आवाजाने जागी. ११:१४ आवाज बंद. ११:२५ पाणी गेलं. ११:३० दूध, फोनवर गाणी. १:०० झोपली, मीही.'

आमच्याकडे चार दिवसांआड तासभर पाणी येतं. त्या तासात घरातला एकही माणूस मोकळा नसतो. आणि माझे पैसे नेमके त्याच तासात गेले होते.

३

मी आधी शिवूला धरलं, कारण सगळे त्यालाच धरणार होते.

"वहिनी, आईची शपथ, मी न्हाई."

"मग मला सांग, हे असतं कसं. मला काहीच कळत नाही."

माझ्या फोनमध्ये ते ॲप नव्हतंच. कुणीतरी घालून, वापरून, पुसून टाकलं होतं. शिवूने ते पुन्हा उतरवून दिलं, माझा नंबर टाकला, ओटीपी आला, आणि माझ्या नावाचं, माझ्या पॅनकार्डाचं खातं उघडलं. दहा दिवसांपूर्वी काढलेलं. आत क्रिकेटचा पत्ताच नव्हता. जपानमधला एक फुटबॉलचा सामना, कपाचा. एक संघ लाल, एक पांढरा.

"जपान?"

"दिवसा असत्यात ना ते सामने. युरोपवाले रात्री जागवत्यात." शिवूने पलंगावर मांडी घातली. शिकवायला मिळालं की तो भीती विसरतो. "हे बघा. प्रश्न काय हाय? 'लाल संघ दोन किंवा जास्त गोलांच्या फरकानं जिंकेल का?' नुसतं जिंकून भागत न्हाई. एक-शून्य जिंकला तरी उत्तर 'नाही'. दोन-शून्य, तीन-एक, तर 'हो'."

"आणि भाव?"

"'हो' सहा रुपये, 'नाही' चार. सहा नि चार दहा. बरोबर आला त्याला दहा, चुकला त्याला भोपळा."

"म्हणजे मी चारला 'नाही' घेतलं तर समोर कुणीतरी सहाला 'हो' घेतलेलं असणार."

"आता कळलं तुमाला! ॲप आपल्या खिशातनं देत न्हाई, माणसं एकमेकांची घेत्यात. ॲप नुसतं कमिशन खातंय. आणि भाव म्हंजे लोकांचा अंदाज. 'हो' सहाला, म्हंजे लोकांना वाटतंय शंभरात साठ वेळा असं हुईल. गोल झाला की भाव पळतोय. मधीच विकून निघता पण येतंय."

मी बी.कॉम.ला शेअर बाजार शिकले होते. हे त्याचंच धाकटं, उनाड भावंड होतं. मी नोंदी पाहिल्या. दहा बावन्नला, शून्य-शून्य असताना, आठ हजारांची 'नाही' चार रुपयांनी. म्हणजे दोन हजार नग. मग लालने दोन गोल केले, 'नाही' घसरून दोन रुपयांवर आलं. अकरा अकराला दहा हजारांची 'नाही' दोन रुपयांनी. पाच हजार नग. त्यानंतर एकही व्यवहार नाही.

"पडत्या भावात दुपटीहून जास्त घेतलंय," मी म्हणाले.

"लई धाडस! आणि नंतर बघा की, पांढऱ्यानं दुसऱ्या डावात दोन गोल फेडले. दोन-दोन. तवा 'नाही' साडेनवाला गेलं असणार. विकायचं ना! सात हजार नग, साठ हजारांच्या वर सुटले असते. ह्यानं विकलंच न्हाई. येडा हाय का कोण?"

"वेडा नाही," मी म्हणाले. "त्याच्या हातात फोन नव्हता. साडेअकरापासून एकपर्यंत फोन माझ्याकडे होता, गौराच्या गाण्यांसाठी."

शिवूने आपल्या फोनवर सामन्याचा शेवट शोधला आणि त्याचे खांदे पडले. "चार-दोन. लाल जिंकला. दोनचा फरक. गेलं वहिनी सगळं..." मग तो एकदम सरळ बसला. "थांबा. थांबा थांबा. दोन-दोन नव्वद मिनिटाला होतं न्हवं?"

४

"नव्वद मिनिटं आणि वरची भरपाई, एवढंच धरत्यात," शिवू म्हणाला. "कपाचा सामना बरोबरीत सुटला की जादा अर्धा तास खेळवत्यात. त्यातले गोल सामन्याला चालत्यात, ह्या प्रश्नाला चालत न्हाईत. नियमात लिवलेलं असतंय, कोण वाचतंय? मी एकदा बुडलो तवा वाचलं. सरांना तर तोंडपाठ हाय, मला तेच तवा हसले होते."

त्याने वॉलेटवर बोट ठेवलं. अडुसष्ट हजार सहाशे.

पैसे बुडाले नव्हते. सत्तर हजार झाले होते, त्यातून कमिशन कापून तिथंच पडून होते, कालच्या दुपारपासून. कुणी हात लावला नव्हता.

शिवू खिदळला, मग माझं तोंड बघून थांबला. "वहिनी, वाचलो की आपण. रडताय कशाला?"

मी रडत नव्हते. माझ्या डोक्यात एकेक दार लागत होतं.

ज्याने हे केलं त्याला वाटलं होतं, आपण हरलो. चार-दोन बघून त्याने घाबरून ॲप पुसलं. शिवूला नियम माहीत होता. तो असता तर काल दुपारीच पैसे काढून, अठरा हजार जागच्या जागी ठेवून, उरलेल्यात नवी गाडी घेऊन आला असता. सरांनाही नियम माहीत होता. तरीही खात्री हवी म्हणून मी गौराला घेऊन समोरच्या दारात गेले.

कमलम्मा विड्या वळत बसल्या होत्या. माहेर-सासर दोन्हीकडे तेलुगू. मराठी बोलतात ती स्वतःची.

"काल टाकी वाहिली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"अय्यो, विचारू नको! पाच किलोचे सांडगे वाळत घातले होते मी खाली. सगळे पोहायला लागले! सोलापुरात कुणी पाणी असं सोडतंय का? बाळाच्या तोंडचं पाणी ते! प्रदीप सरच्या कॉलरला धरले मी गेटपाशी. सर म्हणतात, माझ्यावर काय ओरडता, मी तर टँकरवाल्याला हाकलतोय."

"म्हणजे सर तुमच्याबरोबर होते, सगळा वेळ?"

"कॉलर माझ्या हातात होती म्हणते ना!"

"आणि शिवू?"

"तो वर, कोंबडा बनून. बंद कर, बंद कर, बंद कर! त्याचा गळा बसला, पण मोटार काही बंद होईना. पाच-सहा मिनिटं!"

सासूबाई तेव्हा माझ्यासोबत न्हाणीघरात हंडे भरत होत्या, आणि मराठी अक्षरं त्या बोट ठेवून वाचतात.

पाण्याच्या दिवशी प्रत्येकाची जागा ठरलेली असते. शिवू गच्चीवर पाइपापाशी. आम्ही दोघी नळाला. आणि जिन्याखालच्या खोलीत, नळाचं पाणी गच्चीवर चढवणाऱ्या मोटारीच्या बटनाशी, एकटा एक माणूस. वरून हाक आली की बटन दाबायचं, एवढंच त्याचं काम. ते त्याने सहा मिनिटं केलं नव्हतं. अकरा आठ ते अकरा चौदा. मधे अकरा अकरा.

काल तो म्हणाला होता, स्टार्टर अडकला. आज सकाळी, सासूबाई आयपीएलचं नाव घेत असताना, ॲप कुणी उघडलेलंही नसताना, तोच म्हणाला होता: एक गोल इकडचा तिकडं.

घड्याळात साडेचार झाले होते.

५

संगमेश आमच्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होता. मीटिंगसाठी. मी दार लोटून घेतलं.

"माझा फोन चार्जरवरून तुम्ही खाली मोटारीपाशी नेला होता."

इस्त्री थांबली नाही. "कोण म्हणतं?"

मी सांगितलं. वहीतल्या वेळा, गोलांच्या वेळा, कमलम्मांचे सांडगे. तो ऐकत राहिला, कॉलरच्या टोकावरून इस्त्री फिरवत. मी शेवटी म्हणाले, "आणि तुम्हाला वाटतंय तसे पैसे बुडालेच नाहीत. जादा वेळातले गोल धरत नाहीत. अडुसष्ट हजार सहाशे आहेत."

आता इस्त्री थांबली. त्याच्या चेहऱ्यावर शरम येईल, म्हणून मी वाट बघत होते. आलं ते हसू.

"अडुसष्ट? म्हणजे आपण जिंकलो?"

'आपण' म्हणाला तो. सकाळपासून ती माझी एकटीची चूक होती.

"अहो, तुम्ही मला चोर ठरवत होता."

"कुठं चोर? चूक म्हटलं मी. हे बघ," तो जवळ आला, माझे दोन्ही हात धरले. "ऑफिसात एक जण म्हणाला, मोठा संघ जिंकतो, पण दोननं क्वचित. वाटलं, दुप्पट करून ठेवावं. माझ्या नावावर खातं काढलं असतं तर पतसंस्थेनं घरी बसवलं असतं, लिहून घेतलंय आमच्याकडून. आता उलट सोपं झालं. तू सांग चुकून दाबलं गेलं, अठरा परत कर. पन्नास आपल्याला. कुणाचं काय बिघडलं?"

"सर मेहुण्यांना काय सांगतील?"

तो खरंच विचारात पडला. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, वसुलीच्या माणसाच्या सुरात: "माझी नोकरी आहे, ती जाईल. तुझी अजून लागलीच नाही."

दाराबाहेर बांगड्या वाजल्या. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या आत आल्या नाहीत. पलीकडे जाऊन शिवूशी हळू आवाजात बोलल्या, कानडीत. मला कानडी येत नाही, पण शिवूचं उत्तर मराठीत आलं:

"बरं. मी म्हणतो मी केलं. मला कुटं नोकरी हाय जायला."

६

गच्चीवर सहाही घरं जमली होती. प्रदीप सरांनी खुर्च्या गोलात मांडल्या होत्या, माझी थोडी बाहेर राहिली होती. मुद्दाम नसेल.

"ताई, बोला."

शिवू उठायला लागला. मी त्याच्या आधी उठले. गौराला कडेवर सावरलं.

"पैसे परत येतील, अठराच्या अठरा हजार. हा फोन घ्या सर, तुम्हीच बघा. वरचे जे आहेत ते मी काढणार नाही, माझ्या पॅनवर आहेत, त्यांचा जाब मी देईन. पण लावले मी नव्हते."

"मग कुणी?"

संगमेश माझ्याकडे बघत होता. इस्त्रीचा शर्ट, शांत चेहरा. त्याला खात्री होती. मला त्याची ती खात्री बघून आश्चर्य वाटलं नाही, याचंच वाईट वाटलं.

"शिवू वर पाइप धरून ओरडत होता," मी म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. खाली मोटारीपाशी जे होते, त्यांनी."

सहा घरांनी मिळून एकाच माणसाकडे मान वळवली. कुणाला नाव विचारावं लागलं नाही. पाण्याच्या दिवशी कोण कुठं असतं, हे आमच्या इमारतीत लहान पोरांनाही माहीत असतं.

कमलम्मा एवढंच म्हणाल्या, "माझे सांडगे."

सरांनी फोन चाळला, नियम वाचला, मान हलवली. जाताना जिन्यात ते थांबले. "दहा म्हणजे दहा, ताई. मेहुणा वेळेचा पक्का आहे."

रात्री कुणी जेवलं नाही. शिवूने तेवढं ताट वाढून घेतलं आणि कोपऱ्यात बसून सगळं संपवलं.

सोमवारी सकाळी मी साडी नेसले. नऊ वाजता सासूबाई डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपल्या होत्या. महिनाभर म्हणत होत्या, पोरीला मी सांभाळते, जा तू. शिवू पहाटेच कुठंतरी निघून गेला होता. कुणी पाठवलं ते मी विचारलं नाही.

संगमेश दाराच्या चौकटीला टेकून चहा पीत होता. पतसंस्थेला अजून कळलं नव्हतं. कळेल की नाही, हे सहा घरांच्या तोंडावर अवलंबून होतं.

"गौराला कोण बघणार?" त्याने विचारलं. आवाज तोच, गोड, समजूतदार.

मी पिशवीत तिची वाटी, चमचा, चार लंगोट, वही टाकली. तिला कडेवर घेतलं. त्याने चौकट सोडली नाही, म्हणून मला अंग चोरून त्याच्या नि दाराच्या मधून जावं लागलं. चहा थोडा माझ्या पदरावर सांडला.

सीएसाहेबांनी पहिल्या दिवशी मूल कडेवर घेऊन आलेली बाई बघितली नसेल. हाकलतील, किंवा खुर्ची देतील. नऊ चाळीस झाले होते. मी रिक्षाला हात केला.